अंगावर पिणाऱ्या बाळाची शी: कधी वाट पाहायची, कधी दवाखाना गाठायचा

बाळाला तीन दिवस शी झाली नाही असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: बाळ किती दिवसांचं आहे? दोन महिन्यांचं असेल, फक्त अंगावर पीत असेल, हसतंखेळतं असेल तर बहुतेक वेळा काहीच करायची गरज नसते. नऊ दिवसांचं असेल तर मात्र त्याच दिवशी त्याचं वजन करायला हवं. इतक्या लहान बाळाला शी होत नाही तेव्हा सहसा पोटात पुरेसं दूधच गेलेलं नसतं.

घरोघरी नेमकं उलटं घडतं. दोन महिन्यांच्या ठणठणीत बाळाला बाळहिरडा उगाळून दिला जातो, मागून विड्याच्या पानाचा देठ घातला जातो. आणि नऊ दिवसांचं बाळ दिवसभर झोपून राहिलं, शी-शू कमी केली, तर "किती शहाणं बाळ आहे, अजिबात त्रास देत नाही" म्हणून सगळे खूश असतात. स्तनदा आयांसोबत काम करताना मला सगळ्यात जास्त काळजी या दुसऱ्या बाळाची वाटते. म्हणून पुढचं सगळं वयाच्या क्रमाने लिहिलं आहे. तुमच्या बाळाच्या वयाचा भाग आधी वाचा, बाकीचं निवांत वाचलं तरी चालेल.

पहिले पाच दिवस: रंग बदलतोय ना?

पहिली शी काळी-हिरवी, चिकट, पुसता पुसेना अशी असते आणि तिला फारसा वास नसतो. पोटात असताना बाळाने गिळलेलं गर्भजल, आतड्यातल्या झडलेल्या पेशी आणि पित्त यांची ती बनलेली असते. पूर्ण दिवस भरलेल्या बहुतेक बाळांना ती पहिल्या २४ तासांत होते. ४८ तास उलटूनही झाली नाही तर घरी वाट पाहायची नाही, बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं. क्वचित मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात चेतापेशीच तयार झालेल्या नसतात, तो भाग सैल पडत नाही आणि शी मागे अडते. याला हिर्शस्प्रुंगचा आजार म्हणतात. साधारण ५००० बाळांत एकाला तो असतो आणि शस्त्रक्रियेने बरा करता येतो. बाळ पुढे बद्धकोष्ठाच्या तक्रारीने आलं तरी डॉक्टर "पहिली शी कधी झाली होती?" हे विचारतात ते यासाठीच. उत्तर आत्ताच कुठेतरी लिहून ठेवा. दोन महिन्यांनी ते कुणाच्या लक्षात राहत नाही.

पहिले दोन-तीन दिवस येणारं चिकाचं दूध थोडंच असतं, पण ते स्वतःच सारक असतं. ते पोटात गेलं की काळी शी भराभर बाहेर पडते. हे महत्त्वाचं अशासाठी की त्या शीमध्ये बिलिरुबिन भरपूर असतं. शी आत रखडली की ते आतड्यातून पुन्हा रक्तात शोषलं जातं आणि कावीळ वाढते. चिकाऐवजी मधाचं बोट, साखरेचं पाणी किंवा गुळाचं पाणी दिलं की बाळाचं पोट तेवढ्यापुरतं भरतं आणि ते चीक प्यायचं राहतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी शी हिरवट-तपकिरी होते. पाचव्या दिवसापर्यंत ती पिवळी, पातळसर आणि मध्ये बारीक पांढरट दाणे असलेली व्हायला हवी. पाचव्या दिवशीही काळीच होत असेल तर दूध पोटात जात नाही असं समजा आणि त्याच दिवशी बाळाला दाखवा.

सहावा दिवस ते सहावा आठवडा: शी म्हणजे दुधाचा हिशोब

या काळात २४ तासांत किमान ३ ते ४ वेळा शी व्हायला हवी आणि प्रत्येक डाग निदान दहा रुपयांच्या नाण्याएवढा तरी हवा. लंगोटाला लागलेला बारीकसा पिवळा ठिपका मोजायचा नाही.

काही बाळं दिवसात आठ-दहा वेळा करतात. प्यायला घेतलं की शी, पिऊन झालं की पुन्हा शी. पोटात दूध उतरलं की आतड्याला हालचालीचा इशारा मिळतो आणि लहान बाळात तो फार जोरदार असतो. हे जुलाब नाहीत. जुलाब ओळखायचे तर त्याच बाळाच्या रोजच्या शीशी तुलना करा: एकाएकी खूपच पाण्यासारखी झाली, घाण वास यायला लागला, शेंब दिसली, सोबत ताप किंवा मलूलपणा आला, तर दाखवा.

शीबरोबर शूचा हिशोबही ठेवा. पाचव्या-सहाव्या दिवसापासून २४ तासांत किमान ६ वेळा चांगली भरपूर, फिकट रंगाची शू हवी. सुती लंगोट असेल तर मोजणं सोपं. डायपरमध्ये मात्र शू झाली की नाही हेच कळत नाही. कोऱ्या डायपरवर तीन मोठे चमचे पाणी ओता आणि हातात धरून त्याचं वजन जोखा. तेवढा जड झालेला डायपर म्हणजे एक शू. मला विचाराल तर पहिले दोन आठवडे दिवसा लंगोटच बांधावा, धुणं वाढलं तरी चालेल. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटकरी रंगाचा डाग दिसला तर घाबरू नका. पाचव्या दिवसानंतरही तो दिसत असेल तर बाळाला दूध कमी पडतंय.

या वयात २४ तास शी झाली नाही, तर औषध शोधू नका. पुढच्या क्रमाने जा.

१. वजन करा. कपडे, लंगोट, टोपडं सगळं काढून, आणि शक्यतो आधी केलं होतं त्याच काट्यावर. जन्मानंतर बाळाचं वजन थोडं उतरतं, पण ते जन्मवजनाच्या १० टक्क्यांहून जास्त उतरता कामा नये, आणि दोन आठवड्यांपर्यंत जन्मवजनावर परत यायला हवं. त्यानंतर पहिले तीन महिने रोज साधारण २० ते ३० ग्रॅम वाढ अपेक्षित असते. काटा शोधत हिंडावं लागत नाही. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंची घरी भेट ठरलेली असते आणि वजन करणं त्यांच्या कामाचाच भाग आहे. त्या आल्या नाहीत तर अंगणवाडीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. वजन माता व बाल संरक्षण कार्डावर लिहून घ्या.

२. एक अख्खं पाजणं नीट बघा. शक्यतो दुसऱ्या कुणीतरी बघावं, कारण आईला वरून सगळं दिसत नाही. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली. स्तनाग्राभोवतीचा काळा भाग वरच्या बाजूला जास्त आणि खालच्या बाजूला कमी दिसायला हवा. आता कान द्या. सुरुवातीला भराभर छोटे ओढे घेतले जातात, मग दूध उतरलं की चाल संथ होते: ओढ, क्षणभर थांबा, घुटका. हा घुटका ऐकू येतो. वीस मिनिटं तोंडात धरून बाळ नुसतं चुळबुळत असेल आणि घुटका एकदाही ऐकू येत नसेल तर ते पीत नाहीये. स्तनाग्र तोंडातून बाहेर आलं तेव्हा चपटं किंवा एका बाजूला चेपलेलं असेल, आईला सतत दुखत असेल, तर बाळ नुसत्या टोकाला धरतंय. करंगळी हलकेच तोंडाच्या कोपऱ्यातून घालून सोडवा आणि पुन्हा लावा.

३. पाजण्याच्या वेळा मोजा. २४ तासांत ८ ते १२ वेळा. झोपाळू बाळ भूक लागली तरी उठत नाही, त्याला उठवावं लागतं. दुपटं सोडा, लंगोट बदला, उघडं करून छातीशी धरा, तळवे चोळा. पिता पिता पेंगलं तर हाताने स्तन हलका दाबून धरा म्हणजे दूध पुढे येतं आणि बाळ पुन्हा ओढायला लागतं.

४. तरीही पीत नसेल तर हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजा आणि स्तनपानाची माहिती असलेल्या परिचारिकेला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवा. बाळ मलूल असेल, रडायचा आवाज क्षीण असेल, तोंड कोरडं असेल, तर या चार पायऱ्या करत बसू नका, सरळ दवाखान्यात न्या.

दूध नीट पोटात जायला लागलं की एक-दोन दिवसांत शी आपोआप सुरू होते, त्यासाठी वेगळं काही द्यावं लागत नाही.

सहा आठवड्यांनंतर: शी एकाएकी कमी होते

दीड महिन्याच्या आसपास बऱ्याच घरांत घबराट होते. कालपर्यंत दिवसाला पाच वेळा करणारं बाळ दोन दिवस, चार दिवस, कधी आठवडाभर करत नाही. आईला वाटतं आपलंच काही खाण्यात आलं. सासूबाईंना वाटतं पोटात साठून राहिलंय.

आतडं आता थोडं प्रौढ झालेलं असतं. चिकाचा सारक गुण मागे पडलेला असतो. अंगावरचं दूध बाळाला इतकं अंगी लागतं की मागे चोथा जवळजवळ उरतच नाही. जे टाकायचंच नाही ते साठणार कुठून? म्हणून फक्त अंगावर पिणाऱ्या या वयाच्या बाळाने ७ ते १० दिवसांतून एकदा शी केली तरी ते निरोगी असू शकतं. सगळीच बाळं अशी नसतात, काही सहा महिने रोज तीनदा करतात. दोन्ही ठीक.

मग बद्धकोष्ठ म्हणायचं कशाला? शीच्या घट्टपणाला. खडे पडणं, सुकी-टणक लेंडी, ती करताना किंचाळणं, वर ताज्या रक्ताची रेघ. आठ दिवसांनी झालेली शी मऊ किंवा पातळ असेल तर ते बद्धकोष्ठ नव्हतं, मग आधी आठवडाभर घरात कितीही चर्चा झालेली असो. फक्त अंगावर पिणाऱ्या बाळाला खरे खडे होणं इतकं विरळ आहे की झाले तर घरगुती उपायांत वेळ न घालवता डॉक्टरांना दाखवायला हवं.

शी झाली नाही अशा दिवशी चार गोष्टी पाहा. बाळ नेहमीसारखं पितंय का? शू सहा वेळा होतेय का? झोपलेलं किंवा शांत असताना पोट हाताला मऊ लागतंय का? आणि वजन वाढतंय का? ६, १० आणि १४ आठवड्यांच्या लसींच्या वेळी वजन होतंच, तेव्हा कार्डावरची रेघ वर जातेय ना ते स्वतः बघा. चारही उत्तरं 'हो' असतील तर वाट पाहा. सात दिवस झाले तर मनाच्या समाधानासाठी डॉक्टरांना फोन करा. दहा दिवस ओलांडले तर बाळ खुशीत असलं तरी एकदा तपासून घ्या. आणि ज्या दिवशी होईल त्या दिवशी ती लंगोटात मावणार नाही, त्यामुळे बाहेर जाताना पिशवीत दोन जोड जास्त ठेवा.

कुंथतंय, लाल होतंय, आणि मग निघते मऊच

आयांना सगळ्यात जास्त हलवणारी गोष्ट ही. बाळ एकाएकी ताठ होतं, पाय पोटाशी घेतं, चेहरा लालबुंद, कण्हणं, मग रडणं, दहा-वीस मिनिटं हेच चालतं. बघणाऱ्याचा जीव कासावीस होतो. आणि शेवटी जी शी होते ती पातळ, पिवळी, नेहमीसारखी.

शी करायला दोन कामं एकाच वेळी करावी लागतात: वरून पोटाने जोर लावायचा आणि खालून गुदद्वाराचे स्नायू सैल सोडायचे. मोठ्यांना हे कळतही नाही, कारण ते अंगवळणी पडलेलं असतं. या बाळाला अजून तो मेळ जमलेला नसतो. ते वरून जोर लावतं आणि खालून घट्ट आवळून धरतं. रडण्यानेही पोटात दाब तयार होतो, म्हणून ते रडतं. हे बहुधा पहिल्या काही महिन्यांत दिसतं आणि आपोआप थांबतं. औषध लागत नाही. मेळ जमायला बाळाला सराव लागतो, आणि आपण दर वेळी मागून काहीतरी घालून शी काढली तर तो सराव होत नाही.

तोवर हातांनी करण्यासारखं बरंच आहे.

बाळाला उताणं झोपवा. दोन्ही गुडघे हलकेच पोटाशी न्या, चार-पाच सेकंद धरा, सोडा. असं पाच-सहा वेळा. मग एकेक पाय सायकल चालवल्यासारखा फिरवा.

तळव्यावर थोडं कोमट खोबरेल घ्या. बाळाच्या उजव्या कुशीकडे, कमरेच्या जरा वर, दोन बोटं ठेवा. तिथून सरळ वर बरगडीच्या खालपर्यंत जा, मग बेंबीच्या वरून आडवं डाव्या बाजूला, आणि तिथून खाली डाव्या जांघेकडे उतरा. मोठं आतडं याच वाटेने जातं, म्हणून दिशा उलटी करू नका. दाब इतकाच की बोटांखाली कातडी हलेल, पोट दबणार नाही. बाळाने अंग आवळलं तर थांबा. प्यायल्यानंतर निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. न्हाऊ घालायच्या आधीची मालीश ही त्यासाठी उत्तम वेळ, आणि कोमट पाण्यानेही बाळाचे स्नायू सैल पडतात.

मान धरायला लागलेल्या बाळासाठी आपल्या आज्या-पणज्यांची पद्धत मला फार आवडते. आपण पाय पसरून बसायचं, बाळाला दोन्ही पावलांवर बसवायचं, ढुंगण मधल्या फटीत, गुडघे वर पोटाशी, पाठ आपल्या नडग्यांना टेकलेली. त्या बैठकीत शी उतरायची वाट मोकळी होते. पाच मिनिटं बसवा. नाही झाली तर उचलून घ्या, जबरदस्ती नको.

मागून आणि तोंडातून काय घालू नये

विड्याच्या पानाचा देठ एरंडेलात बुडवून मागून घालणं, साबणाची बारीक काडी घालणं, कापसाची काडी किंवा तापमापक फिरवणं: हे केलं की शी लगेच होते, म्हणूनच त्यावर इतका विश्वास बसतो. पण मऊ शी तशीही होणारच होती. देठाच्या टोकाने आतली नाजूक त्वचा फाटते, साबणाने आत आग होते. ग्लिसरीनची गोळी मागून ठेवायची वेळ कधी येऊ शकते, पण ते डॉक्टरांनी तपासून ठरवायचं.

बाळगुटीबद्दल मी जपून लिहिते आहे, कारण सहाणेवर गुटी उगाळणारी आजी मायेनेच उगाळत असते. तरीही पहिले सहा महिने ती देऊ नका. हिरडा सारक आहे. किती वळसे उगाळले यावर मात्रा ठरते आणि ती रोज बदलते. जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगतं, आणि गुंगलेलं बाळ पीत नाही. सहाण, पाणी, हात यांतून जंतू पोटात जातात ते वेगळंच. आजींना नुसतं "डॉक्टर नाही म्हणाले" असं सांगून त्यांचं समाधान होत नाही. मालीश, न्हाऊ घालणं आणि पायांवर बसवणं ही कामं त्यांच्याकडे सोपवा. त्यांच्या हाताला जे येतं ते आपल्याला येत नाही.

मध एक वर्षापर्यंत थेंबभरही नको. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. त्या आजाराचं पहिलं लक्षण पुष्कळदा बद्धकोष्ठच असतं, मग रडणं क्षीण होतं, मान लुळी पडते, चोखणं बंद होतं.

पाणी सहा महिन्यांपर्यंत नको, विदर्भातल्या मे महिन्यातही नको. अंगावरच्या दुधात ८७ टक्क्यांच्या वर पाणीच असतं. उन्हाळ्यात बाळ जास्त वेळा प्यायला मागेल, तेवढं पाजा. वरून पाणी दिल्याने शी सुधारत नाही, दूध पिणं मात्र कमी होतं. एरंडेल तेल तोंडातून नको. ग्राइप वॉटरचा उपयोग होतो असा पुरावा नाही. बेंबीभोवती हिंगाचं पाणी लावायला माझी हरकत नाही, मात्र नाळ गळून बेंबी पूर्ण सुकलेली हवी.

आणि मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की तापलेल्या लोखंडाने पोटावर चटके देण्याची डंबा ही प्रथा अजून पूर्ण संपलेली नाही. फुगलेल्या पोटाचं कारण आत असतं. चटक्याने त्यावर काही होत नाही, जखम होते, जंतुसंसर्ग होतो आणि दवाखान्यात पोचायचा मोलाचा वेळ जातो. पोट फुगलेलं बाळ कुठेही दिसलं तर १०८ ला फोन करा.

आईच्या ताटाला दोष देऊ नका

बाळंतिणीला हरभऱ्याची डाळ नको, बटाटा नको, कोबी नको, दही नको. बाळाला शी झाली नाही की या यादीत अजून दोन पदार्थ वाढतात. आईच्या आतड्यातला वायू आणि चोथा तिच्या आतड्यातच राहतो, तो रक्तात उतरत नाही आणि दुधातही जात नाही. आईला बद्धकोष्ठ झालं म्हणून बाळाला होत नाही. शेपूची भाजी, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू तिला आवडत असतील तर तिने जरूर खावेत, तिच्या स्वतःच्या ताकदीसाठी. पण रोज वरण-भात आणि तुपावर तिला ठेवून बाळाची शी सुधारणार नाही.

अपवाद एकच सांगण्यासारखा आहे. काही बाळांना गाईच्या दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असते आणि आईने खाल्लेल्या दूध-दह्यातून ते प्रथिन थोडं दुधात येतं. बाळाच्या शीमध्ये शेंब आणि रक्ताच्या रेघा दिसतात. अशा वेळी डॉक्टर आईला काही आठवडे दूध, दही, पनीर, खवा बंद करायला सांगतात. स्तनपान बंद करायला लागत नाही.

रंग: एकाच रंगासाठी धावायचं

पिवळा, हिरवा, तपकिरी हे सगळे चालतात. काविळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाला हिरवी पातळ शी होते. सहा महिन्यांनंतर लोहाचं सिरप सुरू झालं की ती काळपट होते. आईच्या स्तनाग्राला चीर पडून रक्त येत असेल तर ते गिळून बाळाची शी काळी दिसू शकते. तरीही जन्मानंतरची काळी शी निघून गेल्यावर ती पुन्हा काळी झाली किंवा लाल रक्त दिसलं तर दाखवून खात्री करा.

पांढरी, खडूसारखी किंवा राखाडी-फिकट शी मात्र एकदा जरी झाली तरी त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शीचा पिवळा रंग पित्तामुळे येतो. पांढरी शी म्हणजे पित्त आतड्यात उतरत नाहीये. सोबत डोळे पिवळे असतील, शूचा गडद पिवळा डाग लंगोटाला लागत असेल, तर पित्तनलिका बंद असण्याची शक्यता तपासावी लागते. त्यावर कासाई नावाची शस्त्रक्रिया असते, आणि बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत ती झाली तर यकृत वाचण्याची आशा बरीच वाढते. "अंगावरच्या दुधाची कावीळ आहे, जाईल हळूहळू" या एका वाक्यात कधीकधी हे दोन महिने निघून जातात. कावीळ दोन आठवड्यांच्या पुढे टिकली तर रक्तातलं थेट (डायरेक्ट) बिलिरुबिन तपासायला सांगा आणि शीचा रंग रोज दिवसाच्या उजेडात बघा.

खरं बद्धकोष्ठ सुरू होतं ते वरच्या दुधाने आणि उष्टावणानंतर

आई कामावर परत निघाली की डब्याचं दूध सुरू होतं आणि शी घट्ट होते. काढून ठेवलेल्या अंगावरच्या दुधाने असं होत नाही, म्हणून शक्य तेवढं तेच साठवा. डब्याचं दूध द्यावंच लागलं तर आधी मापाचं पाणी, मग सपाट चमचा पावडर, डब्यावर लिहिलंय तितकीच. 'पोट भरावं' म्हणून अर्धा चमचा जास्त घातलेली पावडर हे घट्ट शीचं नेहमीचं कारण आहे. एक वर्षापर्यंत गाई-म्हशीचं दूध मुख्य दूध म्हणून नको, पाणी घालूनही नको.

सहा महिन्यांनी उष्टावण होतं आणि पहिले काही आठवडे बाळाच्या वाट्याला येतं तांदळाची पेज, नाचणीचं सत्त्व, दुधात बुडवलेलं बिस्किट. तिन्हींत चोथा नावालाच. मग खडे होतात. दुरुस्ती अशी: बिस्किट पूर्ण बंद. सत्त्वाऐवजी नाचणीचं सबंध पीठ. मुगाचं वरण सालाच्या डाळीचं, त्यात लाल भोपळा, दुधी किंवा पालक शिजवून घोटलेला, वर अर्धा चमचा तूप. रोज एखादं फळ: पिकलेली पपई, उकडून कुस्करलेलं पेर, आलुबुखार. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, सालासकट नीट वाटून, गाळून एक-दोन चमचे. केळं द्यायचं तर पुरतं पिकलेलं, कच्चट नको. फळाचा रस नको, फळच द्या. जेवताना वाटी-चमच्याने उकळून गार केलेलं पाणी दोन-चार घोट द्या. स्तनपान आधीसारखंच चालू ठेवा. आठवडाभरात फरक पडला नाही, रक्त दिसलं किंवा बाळ शी दाबून धरायला लागलं तर डॉक्टर शी मऊ करणारं औषध देतील. ते सांगतील तितके दिवस पूर्ण द्या, दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून थांबवू नका.

वाट न पाहता दवाखान्यात न्यायचं ते केव्हा

हिरवी उलटी झाली तर बाळाचं वय कितीही असो, ती तातडीची गोष्ट आहे, आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. पोट फुगून टणक झालं, कातडी ताणून चकाकायला लागली, सोबत शी आणि वायू दोन्ही बंद झाले. बाळ थांबून थांबून किंचाळतंय, पाय पोटाशी घेतंय, पांढरंफटक पडतंय, आणि शीमध्ये रक्तमिश्रित लाल शेंब दिसतेय: यात एक आतडं दुसऱ्यात शिरलेलं असू शकतं, आणि काही तासही महत्त्वाचे असतात. तीन महिन्यांहून लहान बाळाला ताप आला. बाळाने पिणंच सोडून दिलं, ते लुळं पडलं, टाळू खोल गेली. यांतलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा. १०८ आणि १०२ या दोन्ही क्रमांकांवर रुग्णवाहिका मिळते.

तातडीचं नाही, पण काही दिवसांत दाखवायलाच हवं असंही काही असतं. जन्मापासूनच शी अडत आलीय. शी नेहमी बारीक फितीसारखी येते. बाळ फार झोपाळू आहे, आवाज घोगरा आहे, अंग थंड लागतं, कावीळ लांबलीय: थायरॉइडची रक्ततपासणी करून घ्यायला हवी. कमरेखाली पाठीच्या मध्यावर खोल खळगा किंवा केसांचा पुंजका आहे आणि शी नीट होत नाही.

दवाखान्यात जाताना तीन गोष्टी बरोबर घ्या. एक म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड, कारण वजनाची सगळी नोंद त्यात असते. दुसरं, आठवडाभराचा कागद: किती वेळा पाजलं, किती वेळा शू, कधी शी, कशी होती. तिसरं, शीचा फोटो, खिडकीशी दिवसाच्या उजेडात काढलेला, कारण ट्यूबलाइटखाली रंग बदलून दिसतो. आणि गुटी, मध, घासा, साबणाची काडी, शेजारच्यांनी दिलेली पुडी, जे काही दिलं किंवा केलं असेल ते सगळं डॉक्टरांना सांगा. ओरडा बसेल म्हणून लपवलं जातं आणि मग तपासणी भलत्याच वाटेने जाते. आईला बोलायला संकोच वाटत असेल तर बाबांनी सांगावं, पण सांगावंच.